रिकाम्या खाटेचा हिशेब

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या नाटकाचे पैसे उरले आणि त्यांच्या आपण साड्या घेतल्या, हे सभासदांना आठवत असेल. साड्या, ब्लँकेटं आणि साबणाचे दोन खोके रिक्षात भरून आम्ही चौघी एका निवाऱ्यात गेलो होतो. नवऱ्याच्या, सासरच्यांच्या माराला भिऊन घराबाहेर पडलेल्या बायकांना तिथे ठेवून घेतात. निवाऱ्याचं नाव आणि ठिकाण मी लिहीत नाही. का, ते पुढे येईलच. आम्ही दारातच फोटोसाठी रांग करायला लागलो तेव्हा सिस्टरनी हात वर करून थांबवलं. मग साड्या हातात घेऊन, पदर उलगडून नीट बघितल्या आणि म्हणाल्या, "चांगल्या आहेत गं. पण कपाट साड्यांनीच भरलंय. रात्रपाळीच्या बाईचा दोन महिन्यांचा पगार राहिलाय, त्याचं काय बघायला येतंय काय?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. पगार हा दान करायचा विषय आहे हे आमच्या डोक्यातच नव्हतं. साडी देताना घेणारी बाई दिसते. पगार देताना काय दिसतं? एक सही आणि एक महसूल तिकीट.

यंदाही नाटकाचे पैसे उरले आहेत. म्हणून मी गेले काही महिने या विषयाचं जेवढं मिळेल तेवढं वाचलं. साहित्याच्या विद्यार्थिनीने जमाखर्च का वाचावा, असं आमच्या वर्गातल्या एकाने विचारलंही. त्याचं उत्तर पंडिता रमाबाईंपाशी आहे, पण आधी माहेराबद्दल बोलू.

ओव्यांच्या तासाला आपण माहेर हा विषय दरवर्षी शिकतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्यांतल्या कितीतरी भावाकडे, आईकडे, माहेरच्या वाटेकडे डोळे लावून आहेत. परीक्षेत आपण लिहितो की माहेर हे स्त्रीच्या भावविश्वाचं केंद्र आहे. पाच मार्क मिळतात. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे शेजारी ठेवले की तीच ओवी वेगळी ऐकू येते. लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी कर्नाटकात ४४.४ टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. आधीच्या फेरीत हा आकडा २०.६ होता. महाराष्ट्रात तो २५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या बेळगावच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर कोण बसलंय, याचा अंदाज करावा. देशभर पाहिलं तर हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली. आणि त्यांनी सगळ्यात जास्त कुणाकडे मागितली? पोलिसांकडे नाही, वकिलाकडे नाही. माहेरच्या माणसांकडे.

तर माहेर हे भावविश्वाबरोबरच देशातलं सगळ्यात मोठं निवारागृह आहे, आणि त्याला कुठूनही अनुदान नाही. ओव्यांत भावजय नेहमी कडू बोलणारी असते. मला आता तिच्याबद्दल जरा वेगळं वाटतं. घरात अचानक तीन तोंडं वाढली की पीठ तिलाच पुरवायचं असतं. नणंद चार दिवस राहिली तर पाहुणी, चार महिने राहिली तर भार, हा तिचा हिशेब निर्दय असेल, पण चुकीचा नसतो. ज्या बाईचं माहेर गरीब आहे, किंवा दूर आहे, किंवा 'गेलीस तशी परत जा' म्हणणारं आहे, तिच्यासाठी दुसरं दार लागतं. त्या दाराचा खर्च कुणी करायचा, हा या लेखाचा विषय.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे बाईने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केली तर आश्रयगृहाने तिला जागा द्यायची आहे. नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत, आणि मला त्या फार माणुसकीच्या वाटतात. तक्रार अजून नोंदवली नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही, आणि तिची इच्छा असेल तर ती तिथे आहे हे नवऱ्याला कळू द्यायचं नाही. आमचा फोटो सिस्टरनी का थांबवला ते इथे समजलं. मागच्या भिंतीवरची पाटी, दारासमोरचं झाड, एवढ्यावरूनही शोधणारा माणूस शोधतो.

शिवाय एकोणिसावं कलम आहे, ज्याची आठवण कुणी काढत नाही. मारणाऱ्या पुरुषानेच घराबाहेर जावं असा हुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात, किंवा बाईसाठी दुसरी जागा बघून तिचं भाडं त्याने भरावं असाही. विचार केला तर सगळ्यात स्वस्त निवारा हाच. बाई आणि मुलं आपल्या घरात राहतात, शाळा सुटत नाही, आणि खर्च करणाऱ्याने करायचा तो करतो. पण हुकूम दिवसा, कोर्टात मिळतो. मार रात्री बसतो. त्या मधल्या रात्रींसाठी खाट हवीच.

सरकारी व्यवस्थेत ही खाट दोन ठिकाणी आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ साली अर्थसंकल्पात १००० कोटींचा निर्भया निधी सुरू झाला. त्यातून १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत 'सखी' वन स्टॉप सेंटर उभी राहिली. डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक एका छपराखाली मिळावेत ही कल्पना. १८१ नंबरवर फोन केला की तिथपर्यंत पोचता येतं. याचा खर्च केंद्र सरकार देतं. पण तिथला मुक्काम फार तर पाच दिवसांचा. पुढचा टप्पा स्वाधार गृह, ज्याचं आता मिशन शक्तीखाली 'शक्ती सदन' झालं. तिथे महिने काढता येतात आणि खर्च केंद्र व राज्य ६० आणि ४० टक्के असा वाटून घेतात. अशी घरं पुष्कळदा स्वयंसेवी संस्था चालवतात, आणि त्यांत आपल्यासारख्या ख्रिस्ती संस्थाही आहेत. कागदावर साखळी पूर्ण आहे. कडी निसटते ती पैसा येण्याच्या वेळेत. अनुदान हप्त्यांनी येतं, आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही, फाइल जिल्ह्यातून राज्यात आणि राज्यातून दिल्लीला जाते. भाजीवाला आणि वीजमंडळ मात्र महिन्याच्या महिन्याला येतात.

आता हिशेब करू. पुढचे आकडे कुठल्याही संस्थेचे नाहीत, गणितासाठी मीच धरले आहेत. समजा दहा खाटांचं घर आहे. भाडं २५,०००. दिवस, रात्र आणि सुट्टीची बदली धरून तीन काळजीवाहू बायका, प्रत्येकीला १२,०००, म्हणजे ३६,०००. समुपदेशक २०,०००. वीज, पाणी, फोन ६,०००. झाले महिन्याचे ८७,०००. यात अजून एकही बाई आलेली नाही. प्रत्येक बाईमागे जेवण, औषध, साबण मिळून रोजचे १५० रुपये धरले तर महिन्याचे ४,५०० होतात. दहाही खाटा भरल्या तर एकूण खर्च १,३२,०००, म्हणजे एका बाईमागे १३,२००. चारच भरल्या तर खर्च १,०५,०००, म्हणजे एका बाईमागे २६,२५०.

हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणीही देणगीदार म्हणेल की दुसरं घर उधळं आहे. दुप्पट खर्च! पण सहा बायका कमी झाल्या तरी वाचले फक्त २७,०००. बाकी सगळं दार उघडं ठेवण्याचा खर्च आहे. आणि देणगीदाराने 'डोईमागे १३,२००' असा दर ठरवला, तर चार बायकांच्या महिन्यात संस्थेला ५२,८०० मिळतील आणि ५२,२०० कमी पडतील. संस्था काय करणार? रात्रपाळीची बाई कमी करणार. मग रात्री दोन वाजता पोलिसांची गाडी येईल तेव्हा दार कोण उघडणार?

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच होती. आपण भरलेलं घर बघून खूश होतो, अहवालात 'शंभर टक्के क्षमतेने' असं अभिमानाने छापतो. पण तातडीच्या निवाऱ्यात दहाच्या दहा खाटा भरल्या असतील तर अकराव्या बाईला तिथे जागा नाही. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा दिसला म्हणून कुणी त्याचं डिझेल कापत नाही. रिकामी, चादर घातलेली, तयार खाट हेच त्या घराचं मुख्य काम, आणि नेमक्या त्याच खाटेला अर्जात रकाना नसतो.

भरलेल्या घराचं काय होतं याचं एक जुनं उदाहरण लंडनमध्ये आहे. चिझिक भागात १९७१ साली एरिन पिझी यांनी मार खाणाऱ्या बायकांसाठी आसरा सुरू केला, आणि आजच्या अशा घरांची गोष्ट पुष्कळदा तिथूनच सांगतात. आलेल्या कुणालाही परत पाठवायचं नाही हा तिथला नेम. स्थानिक कौन्सिलने घरात जास्तीत जास्त ३६ माणसं असा आकडा घातला होता. तपासणीत ७५ निघाली. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९७७ मध्ये पिझीबाई हरल्या. कायद्याच्या बाजूने बघितलं तर ७५ माणसांत आग लागली असती तर काय, हा प्रश्न खोटा नाही. मला प्रश्न पडतो तो असा की उरलेली ३९ माणसं कुठे जायची होती, हे विचारायला कुठलं कोर्ट होतं?

अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने पीडितांसाठी निधी काढला, तो गुन्हेगारांकडून वसूल होणाऱ्या दंडातून भरतो. ऐकायला किती न्यायाचं वाटतं. पण मोठ्या कंपन्यांचे दंड कमी वसूल झाले की निधी आटतो, आणि बायकांना बसणारा मार त्या प्रमाणात आटत नाही.

आता रमाबाई. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक आपण स्त्रीवादी लेखन म्हणून नेमतो. मी ते दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की ते देणगीचं आवाहन आहे. १८८७ साली अमेरिकेत निघालेल्या या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाचं नावच 'आवाहन' असं आहे. बालपण, लग्न, वैधव्य अशी एकेक खोली दाखवत नेऊन शेवटी रमाबाई वाचकाला हिशेबाच्या टेबलापाशी बसवतात आणि सांगतात, मला असं असं घर हवं आहे. हे त्यांना नवीन नव्हतं. १८८२ चं 'स्त्रीधर्मनीति' विकून त्यांनी इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले होते. पुस्तक लिहून बोटीचं तिकीट काढणारी आणि दुसरं लिहून घर बांधणारी लेखिका मराठीत दुसरी कोण आहे, मला तरी आठवत नाही.

त्या काय मागतात ते बारकाईने बघण्यासारखं आहे. जात न गमावता विधवांना राहता येईल असं घर त्या मागतात. आज आपल्याला हे टोचतं. मलाही टोचलं. पण त्यांना माहीत होतं की जिथे जेवता येणार नाही त्या घरात ती मुलगी पाऊलच टाकणार नाही. चुलीची व्यवस्था ही तिथे येण्याची अट होती. आजही मुलगा ठराविक वयाच्या वर गेला की त्याला आईबरोबर ठेवून घेत नाहीत, अशी घरं आहेत. मग आई येतच नाही, मार खात राहते. तिथेही खाट रिकामी दिसते, आणि तिचा अर्थ 'गरज नाही' असा लावला जातो.

बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं मदत करण्याचं वचन दिलं. दहा वर्षं! ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा तिथे दोनच मुली होत्या. डोईमागे पैसे देणारं कुणी असतं तर पहिल्याच महिन्यात दुकान बंद झालं असतं. सदनात सुरुवातीलाच आलेल्या गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांचं लग्न १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. मुंबई महाग पडते म्हणून १८९० मध्ये सदन पुण्याला आलं, म्हणजे जागेच्या भाड्याचा प्रश्न तेव्हाही होताच.

मात्र पैसा कधी मुका नसतो. देणाऱ्या अमेरिकन मंडळींना धर्मप्रचार नको होता, काही मिशनऱ्यांना तो का नाही याचा राग होता, आणि पुण्याच्या सुधारकांना रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याचीच धास्ती. त्या आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून वाद पेटला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि अनेक मुलींना पालकांनी काढून नेलं. कॅथलिक मुलगी म्हणून हे प्रकरण वाचताना मी दोन्ही बाजूंनी अवघडले. प्रार्थनेचं दार उघडं ठेवणं हा रमाबाईंचा हक्क होता असंही वाटतं, आणि जिला जायला दुसरी जागा नाही तिच्यासमोरचं उघडं दार खरंच तितकं मोकळं असतं का, असंही. माझ्यापाशी याचा निकाल नाही. पण त्या भांडणात परत नेल्या गेलेल्या मुलींना कुणी विचारलं होतं असं काही दिसत नाही, एवढं खरं.

त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवा बाईने गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावं, एवढाच उद्देश. तिथे जन्मलेला काशीबाईचा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, हे आपण जाणतो. फुल्यांच्या घरी कुठलं बॉस्टन नव्हतं. स्वतःच्या खिशातून चालवलेल्या घराला कुणाला जाब द्यावा लागत नाही, पण ते घर त्या जोडप्याच्या ताकदीएवढंच मोठं होऊ शकतं.

आज ख्रिस्ती संस्थांच्या निवाऱ्यांना 'बॉस्टन' मिळणं अवघड झालंय. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला. तो पैसा आता दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यावा लागतो, एका संस्थेला तो दुसरीकडे वळता करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चावरची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गैरवापर रोखण्यासाठी हे केलं असं सरकारचं म्हणणं. छोट्या घराला यात काय जड जातं, ते वरचा हिशेब पुन्हा बघितला तर कळेल. त्यामुळे आता जवळच्या माणसांचेच पैसे, आणि जवळची माणसं म्हणजे आपण. पॅरिशमध्ये लेंटच्या काळात पाकिटं गोळा होतात, कॉलेजात नाटक होतं, आणि सगळ्यांना साडीच द्यायची असते, कारण साडी हातात धरता येते.

तर मंडळापुढे माझी सूचना अशी आहे. यंदाचे पैसे वस्तूंत घालू नयेत आणि 'अमुकच कामासाठी' असं बंधनही घालू नये. एकदम देऊन टाकण्यापेक्षा बारा हप्ते करावेत, आणि ते घरात किती बायका आहेत यावर अवलंबून नसावेत. जानेवारीत नऊ असोत की मे महिन्यात दोन, रक्कम तीच. आपण मागावा तो फक्त वर्षाचा जमाखर्च. एकाही बाईचं नाव, गोष्ट किंवा फोटो मागू नये. साहित्याच्या विद्यार्थ्यांना गोष्टीची हाव असते, मलाही आहे. त्या दिवशी आतल्या खोलीतून एक लहान मुलगी दाराआडून आमच्याकडे बघत होती आणि मी मनातल्या मनात तिचं वर्णन लिहायलाही लागले होते. ते मी पुसलं.

कुणी म्हणेल, नाटकाच्या उरलेल्या पैशांत असा काय मोठा पगार भागणार? नाही भागणार. रात्रपाळीच्या एका बाईच्या वर्षाच्या पगारातला काही भाग भागेल. बाकीच्यासाठी माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहावं असं मला वाटतं. मसुदा मी करते, शुद्धलेखन दुसऱ्या कुणीतरी बघावं.

मागच्या आठवड्यात सिस्टरना फोन करून विचारलं, हप्त्याने दिलं तर चालेल काय? त्या म्हणाल्या, "चालेल की. फक्त पाच तारखेच्या आत द्या बघा. पगार पाच तारखेला करतो आम्ही."

शनिवारच्या बैठकीत हा विषय तिसरा आहे.